पेस्ट फिलची स्ट्रेंग्थ ९० दिवसांनी उतरतेय. सिमेंट वाढवायचं की आणखी काही बघायचं?

खाणीतला पोऱ्या

नमस्कार मंडळी. मी उमरेडचा. मायनिंग केलं, आता राजस्थानात धातूच्या एका भूमिगत खाणीत पेस्ट फिलचं काम बघतो. खाणीचं नाव विचारू नका, नोकरी नवी आहे. इथे खाणवाले फार नाहीत हे ठाऊक आहे, पण मातीवाले, काँक्रीटवाले आणि परदेशातल्या खाणींतले काही जण वाचतात, म्हणून हा धागा.

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात. खनिज काढून घेतलं की मागे मोठी पोकळी उरते, तिला स्टोप म्हणतात. आमचा स्टोप ६० मीटर उंच, २० मीटर लांब, १२ मीटर रुंद. मिलमध्ये दगड बारीक दळून त्यातला धातू काढला की जो गाळ उरतो ते टेलिंग्ज. त्यातलं बरंचसं पाणी काढायचं, सिमेंट मिसळायचं आणि ते घट्ट मिश्रण पाइपाने खाली त्या पोकळीत सोडायचं. हेच पेस्ट फिल, आमचा भराव. ते धरलं की शेजारचा स्टोप काढायला घ्यायचा. म्हणजे शेजारी ब्लास्ट झाले की आमच्या भरावाची ६० मीटर उंच भिंत उघडी पडणार, आणि ती उभी राहिली पाहिजे.

आमचं मिश्रण असं: वजनाने ७८ टक्के घन, बाकी पाणी. घनाच्या ५ टक्के सिमेंट, साधं पोर्टलँड सिमेंट (ओपीसी). डिझाइनमध्ये २८ दिवसांची यूसीएस ०.८ मेगापास्कल मागितली आहे. यूसीएस म्हणजे सिलिंडरला बाजूने कसलाही आधार न देता वरून दाबत नेऊन फोडायचा. ज्या स्टोपची काळजी आहे त्याची सरासरी: ७ दिवसांना ०.४०, २८ दिवसांना ०.८५, ९० दिवसांना ०.६२.

२८ ला पास, ९० ला खाली. कॉलेजात शिकलो ते असं की सिमेंटचं काम जुनं होत जातं तसं पक्कं होत जातं. साहेब म्हणतात, "टक्का वाढव, ६ कर, विषय मिटव." लॅब चालवणारा ठेकेदार म्हणतो मशीन कॅलिब्रेटेड आहे, सर्टिफिकेट बघा. शेजारचा स्टोप महिन्याभरात सुरू करायचाय.

आणखी एक. स्टोपच्या तळाशी, जिथून माल काढतो त्या ड्राइव्हच्या (आडव्या बोगद्याच्या) तोंडाशी शॉटक्रीटची, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटची, बॅरिकेड बांधतो, भराव अडवायला. आधी तळाचा ७-८ मीटरचा थर, म्हणजे प्लग, ओतायचा, थांबायचं, मग उरलेला भराव. किती थांबायचं यावरून प्रत्येक शिफ्टला भांडण. प्लँटवाल्यांना थांबायचंच नसतं. याला काही शास्त्र आहे की ज्याचा आवाज मोठा तो जिंकणार?

सिमेंट आणि सळई

दादा, मी पुण्यात बिल्डिंगवाला, म्हणून अज्ञानातून विचारतो. आमचं एम२० काँक्रीट म्हणजे २० मेगापास्कल. तुम्ही ०.८ ला पास म्हणताय? आयएस १०७७ मधली सगळ्यात हलकी वीटसुद्धा ३.५ ची असते. म्हणजे तुमची ६० मीटरची भिंत विटेच्या पाव ताकदीची! वीस मजली बिल्डिंगएवढी उंची आहे ही. कोण उभं राहतं हिच्या शेजारी?

बाकी आमच्याकडे ९० दिवसांना स्ट्रेंग्थ उतरली तर पहिला संशय टेस्टिंगवर. क्युरिंग कसं केलं, सिलिंडरची टोकं सपाट होती का, मशीन किती टनी आहे. २००० किलोन्यूटनच्या क्यूब टेस्टिंग मशीनवर तुमचा हा नाजूक माल टेस्ट करत असतील तर तो आकडा म्हणजे देवाला कौल लावण्यासारखा.

कन्हानकाठचे काका

पोऱ्या, धागा छान काढलास. रिटायर होऊन नागपुरात बसलोय, हात शिवशिवतात, तेव्हा लांबलचक लिहितो. ज्याला कंटाळा येईल त्याने खुशाल पुढे सरकावं.

आधी सिमेंट आणि सळई यांच्यासाठी. तुमचा मशीनचा मुद्दा शंभर टक्के खरा. ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर ०.८ मेगापास्कलला फुटतो म्हणजे दीड किलोन्यूटनच्या आसपास. मोठ्या मशीनचा काटा तेवढ्याने जागचा हलत नाही. माती तपासायची लहान लोड फ्रेम आणि तशीच हलकी प्रूव्हिंग रिंग (भार मोजणारं कडं) हवी. पण "कोण उभं राहतं" याचं उत्तर सोपं आहे: कोणीच नाही. तो स्टोप रिकामा करायला माणूस आत जात नाही, रिमोटचं लोडर जातं. आणि दुसरं, ही भिंत मोकळ्या मैदानातली नाही. दोन्ही टोकांना खडक आहे, मागे खडक आहे, एकच तोंड उघडं पडतं.

याचंच गणित कॅनडात मिचेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलं. उघडी पडणारी भिंत कोसळायची तर एक तिरका तुकडा घसरून खाली यायला हवा, आणि घसरताना दोन्ही बाजूंच्या खडकाला चिकटलेला भराव त्याला धरून ठेवतो. त्यातून निघालेला सोपा हिशेब असा: भरावाचं घनमीटरमागचं वजन गुणिले उंची, भागिले (एक अधिक उंची/लांबी). तुझे आकडे घाल. २० किलोन्यूटन गुणिले ६० म्हणजे १२००. खाली १ अधिक ६०/२०, म्हणजे ४. उत्तर ३०० किलोपास्कल. त्यावर सुरक्षा गुणांक २ घेतला की ०.६ मेगापास्कल. तुझ्या डिझाइनरने थोडं वर धरून ०.८ केलेलं दिसतंय. म्हणजे ०.६२ ला भिंत लगेच पडणार अशातला भाग नाही. पण आकडा खाली चाललाय आणि १५० व्या दिवशी कुठे असेल हे तुला सांगता येत नाही, खरी अडचण ही आहे. साहेबांना हे असंच सांग, नुसतं "स्ट्रेंग्थ कमी आली" म्हणू नकोस. त्या वाक्याला उत्तर म्हणून फक्त "सिमेंट वाढव" एवढंच येतं. एक टक्का म्हणजे तुझ्या स्टोपला, ढोबळ मानाने, सव्वादोनशे टन सिमेंट जास्त. आणि जो स्टोप आधीच भरून झालाय त्यात तर ते घालताही येत नाही!

आता मूळ गोष्ट. पेस्ट फिलला पातळ काँक्रीट समजू नका. ७८ टक्के घन, त्यात ५ टक्के सिमेंट, म्हणजे १०० किलो पेस्टमध्ये सिमेंट ३.९ किलो आणि पाणी २२ किलो. पाणी-सिमेंट गुणोत्तर साडेपाचच्या वर. बिल्डिंगवाले ०.५ वर गेलं की ओरडतात. इतक्या पाण्यात सिमेंट सलग दगड करूच शकत नाही. ते मातीच्या कणांना जागोजाग चिकटवतं, बस्स. तेव्हा हा माल चिकटवलेली माती म्हणून बघायचा. तिला बाजूने दाब मिळाला की ती वेगळीच वागते. यूसीएसमध्ये शिखर गाठून एक-दोन टक्के दबली की फुटते आणि गळपटते. तीच ट्रायअॅक्शियल टेस्टमध्ये बाजूने दोन-तीनशे किलोपास्कल देऊन दाब, फुटणं विसर, हळूहळू पसरत जाते आणि भार घेत राहते. स्टोपच्या आतला भराव बहुतांश या दुसऱ्या अवस्थेत असतो. यूसीएस लागू होते ती उघड्या तोंडाला. मी तर म्हणेन की यूसीएस हा भरावाचा फक्त हजेरीपट आहे, पण सगळे त्याचीच पूजा करतात.

आणखी एक गैरसमज तुझ्या साहेबांच्याही डोक्यात असेल, की हा भराव छत तोलून धरतो. खडकाचा ताठपणा पन्नास गिगापास्कलच्या घरातला, तुझ्या पेस्टचा काही शे मेगापास्कल. शंभरपट मऊ. खडकाचा भार हा उचलत नाही. खडकाचे सुटे झालेले तुकडे आत पडू देत नाही, पोकळीला मिटू देत नाही, त्यामुळे खडक स्वतःच स्वतःला धरून राहतो. ते काम ०.३ मेगापास्कलचा भरावही करतो.

मी कामठीकडच्या कोळसा खाणीत लागलो तेव्हा भराव म्हणजे कन्हानची वाळू. आपल्याकडे स्टोइंगचा (खाणीत वाळू भरण्याचा) कायदा १९३९ पासूनचा, इतकी ही जुनी गोष्ट. वाळूत पाणी मिसळून बोअरमधून खाली, तळाशी बांबूच्या चटया आणि तरट लावलेली बॅरिकेड. पाणी तरटातून झिरपून पंपाकडे, वाळू मागे घट्ट. सिमेंटचा कण नाही. पाणी गेलं की वाळू बसते आणि बसली की भार घेते, इतकं सोपं. भंडारा-बालाघाटच्या मँगनीजच्या खाणींत तीच वाळू वेगळ्या कामाची. तिथे खालून वर कापत जातात, म्हणजे भराव ही पायाखालची जमीन. त्यावर उभं राहून वरची फळी काढायची. जमिनीला कुठे लागते यूसीएस? ट्रॅमिंग, म्हणजे मालाची ने-आण, नीट झालं की झालं. तुझ्याकडे भराव भिंत आहे. अमेरिकेत आयडाहोत लकी फ्रायडे खाणीत वरून खाली कापत जातात, तिथे तोच भराव डोक्यावरचं छत असतो आणि त्याच्याखाली माणसं काम करतात. त्याला तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त मजबुती लागते, कारण तो वाकून तुटू शकतो. म्हणून भरावाचा आकडा विचारण्याआधी त्याने नेमकं काय करायचं आहे आणि कधी, हे विचारायचं. तुझ्या बॅरिकेडजवळच्या प्लगला तिसऱ्या दिवशी काम आहे, भिंतीला पाचव्या महिन्यात. दोघांना एकच २८ दिवसांचा आकडा लावून कसं चालेल?

आता तुझे ९० दिवस. तुझ्या टेलिंग्जमध्ये पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) किती? जस्त-शिशाच्या खनिजाबरोबर ते येतंच. पायराइटला हवा आणि ओल मिळाली की सल्फेट तयार होतं. सल्फेट सिमेंटच्या चुन्याशी आणि अॅल्युमिनाशी जुळून जिप्सम आणि एट्रिंजाइट करतं. सुरुवातीला हे स्फटिक पोकळ्या भरतात, त्यामुळे आकडा उलट छान दिसतो. नंतर जागा पुरेनाशी झाली की तेच आतून फोडायला लागतात. वर चढून मग उतरणारा आलेख बघितला की पहिला संशय याचाच.

पण इथे एक मेख आहे. स्टोपमधला भराव पाण्याने भिजलेला असतो, त्यात हवा शिरायला वाव फार कमी. तुझा सिलिंडर मात्र लॅबमध्ये आहे. तेव्हा सिमेंट वाढवायच्या आधी दोन गोष्टी कर. एक, ९० दिवसांचे सिलिंडर नेमके कसे ठेवले होते ते स्वतः जाऊन बघ, ठेकेदाराला फोन करून विचारू नकोस. दोन, फुटलेला एखादा सिलिंडर आडवा कापून आत बघ.

बॅरिकेडचं परदेशातल्या कोणीतरी लिहावं, आमच्या वेळी तरट होतं.

स्वान नदीकाठी

काकांनी परदेशातलं माणूस बोलावलंच आहे, तर हजर. मी पर्थला असते, भरावाच्या डिझाइनचंच काम करते. माहेर सोलापूर, खाणीशी काडीचा संबंध नव्हता.

पोऱ्या, बॅरिकेडवरून भांडतोस हे चांगलं करतोस. आमच्या राज्यात ब्राँझविंग नावाच्या सोन्याच्या खाणीत जून २००० मध्ये भरावाची बॅरिकेड फुटली आणि ओला भराव ड्राइव्हमध्ये शिरला. ३ जण गेले. तिथला भराव पेस्ट नव्हता, हायड्रॉलिक होता, म्हणजे पाण्याबरोबर वाहून आणलेला, पाणी झिरपणाऱ्या विटांच्या बॅरिकेडमागे. पण धडा तोच: भराव पाण्यासारखा वागत असेल तोवर बॅरिकेडला मागच्या सगळ्या उंचीचा दाब लागतो.

तुझेच आकडे घेऊ. तुझा प्लँट तासाला १०० घनमीटर देत असेल असं धरू. स्टोपचा तळ २० गुणिले १२, म्हणजे २४० चौरस मीटर. दिवसाला १० मीटर उंची चढते. ती १० मीटर अजून द्रवच असेल तर तळाशी २०० किलोपास्कल. ड्राइव्ह ५ बाय ५ चा असेल तर बॅरिकेडवर ५००० किलोन्यूटन, म्हणजे ५०० टन. एका दिवसात. आणि तुझं पूर्ण ६० मीटर द्रव राहिलं तर १२०० किलोपास्कल, त्याला कुठलीच बॅरिकेड पुरणार नाही.

प्रत्यक्षात इतका दाब येत नाही, कारण भराव हळूहळू माती होतो आणि भिंतींवर लटकायला लागतो. हे पहिल्यांदा नीट मोजलं ते खाणीत नव्हे, धान्याच्या कोठारात. यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये दाखवलं की कणगीत कितीही धान्य ओता, तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही, कारण उरलेलं वजन घर्षणाने भिंती उचलतात. तुझा स्टोप १२ मीटर रुंद आहे. हिशेबाला रुंदी १० मीटर, घर्षणकोन ३५ अंश आणि आडव्या-उभ्या दाबाचं गुणोत्तर एक तृतीयांश धरलं, तर ६० मीटर खाली उभा दाब १२०० च्या जागी ४०० च्या आसपास येतो. तुझ्याकडे थोडा जास्त. पण, आणि हा पण फार मोठा आहे, घर्षण कणांमध्ये असतं, पाण्यात नसतं. कणांमधल्या पाण्याने सगळा भार घेतलेला असेल तोवर भिंती काहीही उचलत नाहीत.

काकांच्या वाळूतलं पाणी झिरपून जायचं. पेस्टमधले बारीक कण पाणी सोडत नाहीत. मग दाब उतरतो कसा? गंमत अशी की सिमेंट स्वतःच तो उतरवतं. सिमेंट आणि पाणी मिळून जे तयार होतं ते दोघांच्या मूळ आकारमानापेक्षा किंचित कमी जागा घेतं. तेवढी पोकळी आतल्या पाण्याला ओढून घेते, पाण्याचा दाब पडतो, भार कणांवर येतो. एवढ्याशा सिमेंटचं हे काम मला यूसीएसपेक्षा मोठं वाटतं. म्हणूनच सिमेंट उशिरा धरणारं असेल, किंवा पाण्यातल्या सल्फेटने त्याला सुरुवातीला मंद केलं असेल, तर २८ दिवसांचा आकडा उत्तम येऊनही तिसऱ्या दिवशी बॅरिकेड धोक्यात असू शकते.

आता भांडण कसं मिटवायचं. प्लगमध्ये, बॅरिकेडच्या आतल्या अंगाला, एक एकूण दाब मोजणारा सेल आणि त्याच्या शेजारीच पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर ठेव. केबल बॅरिकेडमधून बाहेर काढ. दोन्ही रेघा एकाच आलेखावर काढ. ओतायला सुरुवात केली की दोन्ही एकमेकींवर चढून सरळ वर जातात, भराव उंचीबरोबर चढतो तशा. तोवर तो द्रवच आहे, कोण काय म्हणतंय याला अर्थ नाही. मग एका क्षणी पाण्याची रेघ वाकते, एकूण दाबाची वरच राहते, दोघींमध्ये फट पडते. ती फट म्हणजे कणांनी भार घ्यायला सुरुवात केली. थांबायचं ते ही फट दिसेपर्यंत आणि ती ठरवलेल्या आकड्याएवढी रुंद होईपर्यंत. कधी १२ तास पुरतात, कधी ३ दिवस लागतात. एकाच खाणीत हिवाळ्या-उन्हाळ्यात फरक पडतो. म्हणून "२४ तास थांबा" असा सरसकट नियम मला आवडत नाही, पण उपकरण नसेल तर नियम तरी हवा.

आणि बॅरिकेडसमोरचा ड्राइव्ह बंद ठेवा. साखळी आणि फलक लावून नव्हे, वाट खरोखर अडवून. ओतणं चालू असताना बघायला कॅमेरा आहे, माणूस कशाला?

सिमेंट आणि सळई

काका, विटेचा मुद्दा मागे घेतला. साडेपाचचं पाणी-सिमेंट गुणोत्तर वाचून पाणी प्यायलो.

एक शंका. ओपीसीऐवजी स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं, पीएससी) का नाही? आमच्याकडे समुद्राकाठच्या कामाला सल्फेटसाठी तेच वापरतात. पीएससी बाजारात सहज मिळतं आणि स्वस्तही पडतं.

खाणीतला पोऱ्या

काका, ताई, दोघांनाही दंडवत.

काकांनी सांगितलं तसं फोन न करता थेट लॅबमध्ये गेलो. आता बघा. प्लास्टिकचे साचे कमी आहेत. त्यामुळे ७ आणि २८ दिवसांचे सिलिंडर साच्यातच, झाकण लावून ओल्या खोलीत ठेवतात. ९० दिवसांचे मात्र महिन्याभराने साच्यातून काढतात, कारण साचे पुढच्या बॅचला लागतात. काढलेले सिलिंडर बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी रॅकवर, उघडे. समोर कूलर. त्या खोलीत मे महिन्यात काय तापमान असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

एक कापला. धातू कापायच्या करवतीने सहज कापला जातो, हाताने. आत एकसारखा राखाडी, थोडा ओलसर. बाहेरून सगळीकडे चार-पाच मिलिमीटरचं तपकिरी कडं, त्यात नखाने उकरलं तर भुसा निघतो. टोकांशी पांढरे बारीक कण, चाखून बघायचा मोह आवरला. ५० मिलिमीटरच्या सिलिंडरमधून दोन्हीकडून पाच-पाच गेले तर उरला ४० चा. क्षेत्रफळ चौसष्ट टक्के. ०.६२ ला ०.६४ ने भागलं तर ०.९७ येतं! म्हणजे आतला गाभा २८ दिवसांपेक्षाही वर गेलेला असू शकतो. साहेबांना दाखवलं. गप्प बसले, मग म्हणाले, "मग साचे मागव."

काका, आता स्टोपमध्ये भराव ठीक आहे असं धरायचं का? आणि स्टोपमधूनच कोर (ड्रिलने कापलेला दंडगोल नमुना) काढून तपासला तर?

कन्हानकाठचे काका

शाब्बास रे पोऱ्या. कडं मोजलंस हे फार बरं केलंस. पण तो ०.९७ कुठे लिहून देऊ नकोस. कडं अगदीच निकामी होतं आणि गाभा अगदीच शाबूत होता, असं धरून काढलेला आकडा आहे तो. आतून ओलसर होता हेही ध्यानात घे. अर्धवट सुकलेल्या बारीक मातीत पाण्याची ओढ कणांना घट्ट धरते आणि आकडा उगीच वर जातो. म्हणजे तुझ्या सिलिंडरमध्ये एक गोष्ट आकडा खाली ओढत होती आणि दुसरी वर. हिशेब कोण लावणार? नवीन बॅचचे सिलिंडर बंद साच्यात, स्टोपच्या तापमानाला ठेव. तोवर या स्टोपची जी नळकांडी रॅकवर उरली असतील ती आज प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओल्या खोलीत हलव. पुढे सडणं तरी थांबेल.

आणि सुटलो असं समजू नकोस. हवा हे सल्फेटचं एकच दार. दुसरं दार म्हणजे तुझं मिसळायचं पाणी. मिलचं पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात, त्यात विरघळलेलं सल्फेट साठत जातं, आणि ते बंद साच्यातही आतून काम करतं. पाणी तपासायला पाठव. हे मात्र बाहेरच्या लॅबमध्ये.

कोर काढायचा असेल तर जरूर काढ, पण निकाल जपून वाच. एक मेगापास्कलच्या खालचा भराव ड्रिलच्या पाण्याने धुऊन जातो. तिहेरी नळीचं बॅरल आणि जमेल तितकं कमी पाणी लागतं. तरी पेटीत जे शाबूत तुकडे येतात ते भरावातले सगळ्यात टणक. मऊ भाग चिखल होऊन वर आलेला असतो, त्याची टेस्ट कोण करणार? त्यामुळे कोरची सरासरी नेहमी गोड दिसते. त्यापेक्षा एकूण किती मीटर भोक मारलं आणि किती मीटर कोर हाती आला हा आकडा जास्त बोलतो. एक खरं की स्टोपमधला भराव साच्यातल्यापेक्षा बऱ्याचदा खरोखरच मजबूत असतो. वरच्या वजनाखाली तो धरताना दाबला जातो, आणि आतली ऊबही धरायला मदत करते. साच्याला हे काही मिळत नाही.

शेजारचा स्टोप उडवताना भरावाच्या बाजूची शेवटची रांग जरा हलकी चार्ज कर, आणि उडवून झाल्यावर लेझर स्कॅन करून घे. ठरवलेल्या रेषेच्या आत भराव किती सांडला ते कळेल. तुझ्या भिंतीची खरी टेस्ट ती. सांडलेला भराव खनिजात मिसळून मिलला जातो, म्हणजे धातू नसलेला माल पुन्हा दळायचा. साहेबांना हे रुपयांत सांग, लवकर कळतं.

सिमेंट आणि सळई, स्लॅगचं विचारलंत. चालतं, पुष्कळ खाणी वापरतात, आणि बऱ्याच टेलिंग्जवर ओपीसीपेक्षा चांगलं चालतं. पण समुद्राकाठचा अनुभव जसाच्या तसा इथे आणू नका. स्लॅग सुरुवातीला सावकाश धरतं, आणि ताईंनी प्लगचं काय सांगितलं ते वर आहेच. शिवाय सल्फाइड फार जास्त असलेल्या टेलिंग्जमध्ये स्लॅगनेही दगा दिल्याची उदाहरणं आहेत. पोऱ्याने प्लगला ओपीसी आणि वरच्या भरावाला स्लॅगचं मिश्रण, अशी ट्रायल स्वतःच्या टेलिंग्जवर आणि स्वतःच्या पाण्यात घ्यावी. दुसऱ्या खाणीची रेसिपी उचलू नये.

खाणीतला पोऱ्या

पाण्याचं सँपल आज पाठवलं. साच्यांची ऑर्डर गेली. पिझोमीटरचं कोटेशन मागवलंय, साहेबांनी "आधी दोनच घे" म्हटलंय. ताई, एक शेवटचं. प्रत्येक वेळी ओतणं थांबलं की पाइप धुवावा लागतो, आणि ते सगळं पाणी स्टोपमध्येच जातं. कॅमेऱ्यात भरावावर तळं साचलेलं दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यावरच ओततो. याने काही बिघडतं का?

स्वान नदीकाठी

बिघडतं. ते पाणी वरच्या थरातलं सिमेंट पातळ करतं, आणि प्रत्येक थांब्याला एक कच्चा पट्टा तयार होतो. भिंत उघडी पडली की स्कॅनमध्ये तेच पट्टे खाचेसारखे दिसतात. शिवाय तळ्यातल्या पाण्याची उंची दाबात मिळते ती वेगळीच.

स्टोपच्या आधी पाइपाला दुसरी वाट काढणारा व्हॉल्व्ह बसव, धुतलेलं पाणी तिकडून लेव्हलच्या संपमध्ये सोड. धुवायला पाणी मोजून वापरा, शेवटी हवेने पाइप रिकामा करा. व्हॉल्व्ह स्टोपच्या जितका जवळ बसेल तितका बसव, कारण व्हॉल्व्हच्या पुढच्या तुकड्यातला माल तसाच राहतो आणि तो वेगळा धुवावा लागतो. व्हॉल्व्हचं हँडल कोण फिरवणार हे शिफ्टच्या आधी नाव घालून ठरवा. आणि दोनच पिझोमीटर मिळणार असतील तर दोन्ही एकाच बॅरिकेडला लाव. दोन स्टोपना एक-एक वाटू नकोस, एक बंद पडला तर दुसरा हवा.

दाबाचा सेल विसरू नकोस. नुसत्या पिझोमीटरने फट दिसत नाही.